चर खणणाऱ्यांचे भांडवल (अध्यक्षीय भाषण)

वीज, पाणी, गॅस आणि इंटरनेटच्या वाहिन्या जमिनीखाली टाकणाऱ्या छोट्या ठेकेदाराची पैशाची ओढाताण काम मिळाल्या दिवसापासून सुरू होते. बयाणा रक्कम निविदेसोबतच गेलेली असते. कार्यादेश हाती पडला की सुरक्षा अनामत किंवा बँक हमी, मग जेसीबीचे भाडे, डिझेल, दर शनिवारची मजुरी. पहिले बिल यानंतर.

भिवंडीजवळ, मुंबई-नाशिक महामार्गालगतच्या मानकोलीत भातशेतीच्या जागी गोदामे उभी राहिली आणि प्रत्येक गोदामाला वीज, पाणी, फायबर लागू लागले. भिवंडीतले वीजवितरण जानेवारी 2007 पासून महावितरणची फ्रँचायझी म्हणून टोरेंट पॉवर पाहते. जमिनीखालची केबल टाकायची तर चर कमरेइतका खणावा लागतो. तळाला वाळू, वाळूवर केबल, पुन्हा वाळू, त्यावर विटा किंवा फरशा, मग धोक्याची पट्टी, शेवटी माती. माती लोटण्याआधी मोजमाप पुस्तिकेत नोंद झाली नाही, तर केलेले काम दाखवायला काहीच उरत नाही.

बँकेपुढची अडचणही हीच. कारखानदाराकडे यंत्रे असतात, व्यापाऱ्याकडे माल. या ठेकेदाराची मेहनत दुसऱ्याच्या मालकीची होऊन रस्त्याखाली गाडली जाते. जमीन असली तरी सातबाऱ्यावर अनेक नावे असतात, आणि शेतजमिनीवरच्या तारणाला 2002 चा सरफेसी कायदा लागू होत नाही. त्यामुळे बँका बिगरशेती जमीन किंवा घर मागतात.

ही कोंडी फोडण्यासाठी केंद्र सरकार आणि लघुउद्योग विकास बँक (सिडबी) यांनी 2000 साली सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी पत हमी निधी न्यास स्थापन केला. बँकेत त्याला सीजीटीएमएसई म्हणतात. हमीखाली येणाऱ्या कर्जाची मर्यादा 1 एप्रिल 2023 पासून 5 कोटी आणि 1 एप्रिल 2025 पासून 10 कोटी रुपये झाली. ही हमी बँकेला मिळते, कर्जदाराला नव्हे. कर्ज बुडाले तर नुकसानीचा ठरलेला हिस्सा निधी बँकेला देतो, पण कर्जदाराची देणेदारी सुटत नाही. नेमका हाच मुद्दा अनेकांना कर्ज थकल्यावर उमगतो. अगदी लहान कामांसाठी 8 एप्रिल 2015 ची मुद्रा योजना आहे. तिची कमाल मर्यादा 2024 पासून 20 लाख आहे. मात्र या सर्वांत वरच्या टप्प्यासाठी त्याखालच्या ‘तरुण’ टप्प्यातले कर्ज आधी फेडलेले असावे लागते.

अनेक ठेकेदार सीजीटीएमएसईच्या हमीवर यंत्र घेतात. ती चूक आहे. पावसाळ्यात रस्ते खोदायला सहसा परवानगी मिळत नाही; यंत्र ताडपत्रीखाली उभे राहते आणि हप्ता मात्र चालूच राहतो. हमी खेळत्या भांडवलालाही मिळते, आणि बँक हमीसारख्या बिननिधी सवलतींनाही. यंत्र भाड्याने घेता येते, शनिवारची मजुरी भाड्याने मिळत नाही. म्हणून आधी कॅश क्रेडिट, मग यंत्र, हाच क्रम योग्य.

तरीही बिल वेळेवर आले नाही तर कोणतेही कर्ज अपुरे पडते. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यात 45 दिवसांची कमाल मुदत आणि विलंबासाठी बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज आहे. परंतु मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालांनी कामाचे ठेके या संरक्षणाबाहेर ठेवले. जलजीवन मिशनच्या थकीत बिलांसाठी महाराष्ट्रातल्या ठेकेदारांना 2025 मध्ये आंदोलन करावे लागले. बिल अडले की हप्ताही थकतो, आणि तो 90 दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक ठरते. म्हणजे एका सरकारी खात्याने बिल अडवायचे आणि त्यापायी बुडालेल्या कर्जाची भरपाई सरकारनेच उभारलेल्या निधीने बँकेला करायची. यात ठेकेदाराची पत जाते, ती कोणताही निधी भरून देत नाही. कार्यादेशाबरोबरच बिलाचा हक्क बँकेच्या नावे करून रक्कम थेट कर्जखात्यात वळवण्याची सोय आजही आहे. काम देणाऱ्या कार्यालयाने तिला लेखी संमती द्यावी लागते, आणि ती निविदेच्या अटींतच असायला हवी.