रडगाणे की गाणे?



मागच्या हळदीकुंकवाला मी बहिणाबाई चौधरींची संसारावरची कविता म्हटली होती. त्या दिवसांत आमच्या घरी दुखणे होते. माझा गळा दाटून आला, दोघीतिघींनी डोळेही पुसले. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, ती बाई चुलीपुढे बसून बोलते आहे. तू सुतकात बसल्यासारखी का म्हणालीस?"

मला रागच आला. पण दुसऱ्या दिवशी पुस्तक काढून बसले.

मुलीच्या व्याकरणात उपमा, अनुप्रास वगैरे अलंकार दिले आहेत. अलंकार म्हणजे वरून घालायचे दागिने, अशी माझी समजूत. इथे मात्र उपमेवरच सगळा सूर बेतलेला दिसला. संसाराला वणवा म्हटले असते तर ऐकणारीने हायच खाल्ली असती. बहिणाबाई तवा म्हणतात. तव्यावर बोट भाजले तर आपण ते पाण्यात बुडवतो आणि पुढची भाकरी थापतो. पुढे बिब्बा येतो. त्याचे तेल अंगावर उतते, पण फूल गोड आणि आत गोडंबी! बहुतेक ठिकाणी आधी कडू, मागून गोड. हा क्रम उलटा केला तर तेच रडगाणे होईल.

शिवाय संसाराला दोनदा हाक मारली आहे, तीही एकेरी, दारातल्या पोराला मारावी तशी. ओळी आठ आठ अक्षरांच्या, त्यांत उसासे टाकायला जागाच नाही. आणि हे म्हणू नको, ते म्हणू नको, असे कुणाला तरी दटावणे चालले आहे. मला वाटले, मलाच!

बहिणाबाई १८८० साली जन्मल्या आणि १९५१ साली गेल्या. त्यांना लिहितावाचता येत नव्हते. तरुणपणीच वैधव्य आले. त्यांची गाणी चिरंजीव सोपानदेवांनी उतरवून ठेवली, म्हणून १९५२ साली पुस्तक निघाले. असे दिवस काढलेल्या बाईला रडायचे असते तर तिला कोण अडवणार होते?

तरी सासूबाईंचे मला पुरते पटलेले नाही. हात पोळतो तो पोळतोच, तेवढ्यापुरता आवाज जरा उतरावा असे मला वाटते. आता मी ती कविता पुन्हा म्हणणार आहे. सासूबाई पुढच्याच रांगेत बसल्या आहेत.