अपत्यसुखाचा अधिकार
(वार्षिक सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्रावर अधिकारवाणीने बोलण्याची माझी पात्रता नाही. परंतु काही वर्षांपूर्वी आपल्या नोंदणीच्या खिडकीवर घडलेला एक प्रसंग आजही मनाला टोचतो. खेड्यातून आलेल्या, एचआयव्हीसह जगणाऱ्या एका दांपत्याने हळू आवाजात विचारले, ‘‘आम्हाला मूल होऊ शकेल का?’’ खिडकीवरून सर्वांना ऐकू जाईल असे उत्तर आले, ‘‘तुम्हाला कशाला हवे?’’ ते दोघे निघून गेले, ते पुन्हा आले नाहीत.

त्यांच्या प्रश्नाचे खरे उत्तर ‘होय’ असे होते. उपचार नसतील तर मातेकडून बालकास लागण होण्याची शक्यता 15 ते 45 टक्के असते; योग्य औषधोपचाराने ती 5 टक्क्यांहून खाली येते. शासनाने 1 एप्रिल 2004 पासून एआरटी औषधे मोफत देण्यास प्रारंभ केला आणि 2014 पासून प्रत्येक बाधित गर्भवतीस ती आजन्म देण्याचे धोरण स्वीकारले. नियमित औषधांनी रक्तातील विषाणू तपासणीत आढळेनासे झाले आणि तसेच राहिले, तर शरीरसंबंधातून जोडीदारास लागण होत नाही. त्यामुळे डॉक्टरांच्या सल्ल्याने नैसर्गिक गर्भधारणाही शक्य होते. जन्मानंतर बाळास औषध दिले जाते, सहाव्या आठवड्यापासून तपासण्या होतात आणि अठराव्या महिन्यात अंतिम निदान होते.

आपल्या मराठवाड्यातच, लातूर जिल्ह्यातील हासेगाव येथे रवी बापटले यांनी 2007 साली ‘सेवालय’ उभारले. तेथे वाढलेल्या एचआयव्हीबाधित मुलामुलींचे पुढे विवाह झाले. ज्यांच्या जगण्याचीच शाश्वती कोणी देत नव्हते, त्यांनी संसार थाटले.

10 सप्टेंबर 2018 पासून अमलात आलेल्या कायद्याने अशा रुग्णास सेवा नाकारणे आणि त्याची माहिती संमतीविना उघड करणे यांस मनाई केली आहे. मात्र खिडकीवरचा शब्द कायद्याने मृदू होत नाही. तो आपल्यालाच करावा लागतो.

म्हणून आपणांकडे माझे दोन गोष्टींचे मागणे आहे. समुपदेशनासाठी दार लावता येईल अशी एक स्वतंत्र खोली. आणि मंठा, घनसावंगी, भोकरदनहून तपासणीस येणाऱ्या गरजू मातांच्या प्रवासखर्चासाठी एक छोटा निधी. आमच्या ताळेबंदात ही रक्कम खर्चाच्या बाजूस दिसेल. परंतु अठराव्या महिन्यात एखाद्या मातेच्या हाती बाळाचा निर्दोष अहवाल पडेल, तेव्हा ती जमा कोणत्या रकान्यात लिहावी हे मला अजून उमगलेले नाही.