अनुदान आणि त्याची अट



आम्ही कामगार संघटनेतली माणसे. आमचे शिक्षण गेटसभांत झाले. म्हणून नगरपालिका आणि घरांचा प्रश्न या विषयावर शास्त्रार्थ न करता अमेरिकेतील एका कामगारनगरीची हकीकत सांगतो.

मिशिगन राज्यात डेट्रॉइटला लागूनच वॉरेन हे शहर आहे. दोहोंच्या मध्ये एकच रस्ता, एट माइल रोड. वॉरेनमध्ये क्रायस्लरचा ट्रकचा कारखाना होता, जनरल मोटर्सचे तांत्रिक केंद्र होते. १९७० च्या जनगणनेत तेथील वस्ती सुमारे १,७९,००० भरली. त्यांत कृष्णवर्णीय रहिवासी दीडशेसुद्धा नव्हते. मात्र पाळीच्या वेळी डेट्रॉइटहून कृष्णवर्णीय कामगार मोठ्या संख्येने याच गावात येत. घाम गाळायला ही माणसे गावाला चालत होती. रात्री पाठ टेकायला चालत नव्हती.

एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला आणि आठवड्याभरातच न्याय्य गृहनिर्माणाच्या कायद्यावर सही झाली. घर विकताना किंवा भाड्याने देताना वर्ण पाहू नये, हे त्याचे एक कलम. दुसरे असे की, केंद्राच्या गृहनिर्माण खात्याने आपल्या योजना या हेतूला चालना मिळेल अशाच रीतीने राबवाव्यात. थोडक्यात, तिजोरीतून पैसा घ्यायचा तर गावाचे दारही उघडायचे.

वॉरेनला नागरी नूतनीकरणासाठी केंद्राचे लक्षावधी डॉलर हवे होते. खात्याचे मंत्री जॉर्ज रॉम्नी यांनी अट पुढे केली. हे गृहस्थ त्याच राज्याचे माजी गव्हर्नर आणि त्याआधी एका मोटार कंपनीचे प्रमुख. जुलै १९७० मध्ये ते स्वतः वॉरेनला गेले. जबरदस्तीने वस्त्या मिसळण्याचे सरकारचे धोरण नाही, असे त्यांनी परोपरीने सांगितले. बाहेर जमावाने त्यांची हुर्यो केली आणि पोलिसांच्या संरक्षणात त्यांना परतावे लागले. नोव्हेंबरात प्रश्न मतपेटीपुढे गेला, आणि मतदारांनी नूतनीकरणाची योजनाच फेटाळली. अट नको म्हणून पैसाही नको!

गावाचा कारभार गावानेच करावा, राजधानीने हुकूम सोडू नयेत, असे तेथील लोक म्हणत. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्याजोगा नाही. स्थानिक स्वराज्य आम्हांलाही प्रिय आहे. पण मत कोणी दिले? ज्यांना गावात घर होते त्यांनी. ज्यांच्यासाठी ती अट होती, त्यांना मत नव्हते, कारण घर नव्हते. आणि घर नव्हते, कारण गावाला ते नको होते. अनुदानाच्या पैशात मात्र त्यांचाही कर होता. अशा वेळी अट म्हणजे सभागृहाबाहेर उभ्या असलेल्या माणसाचे मत होय.

आम्हांला अधिक बोचते ते निराळेच. विरोधी मत देणाऱ्यांत मोटार कामगारही पुष्कळ होते. त्यांच्या संघटनेचे पुढारी वॉल्टर रूथर १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्च्यात समान हक्कांसाठी बोलले होते. तरीही एका पट्ट्यावर खांद्याला खांदा लावून काम करणारे लोक घराच्या उंबऱ्याशी आले आणि वेगळे झाले. कामगाराची जन्माची पुंजी घरात गुंतलेली असते. तिचा भाव पडेल या भीतीपुढे संघटनेचे ठराव टिकले नाहीत. ही भीती दूर करणे हे संघटनेचेच काम आहे. ते मंत्र्याच्या पत्राने होत नाही.

१९६८ चा कायदा आजही आहे. त्याच्या अंमलबजावणीसाठी २०१५ मध्ये सविस्तर नियम झाला, २०२० मध्ये काढला गेला, २०२१ मध्ये काही अंशी परत आला आणि २०२५ मध्ये पुन्हा काढला गेला. इकडे २०२० च्या जनगणनेत वॉरेनमधील सुमारे पाचांत एक रहिवासी कृष्णवर्णीय निघाला. मतपेटीने जे रोखले ते कायमचे रुकले नाही. पण मधल्या काळात कितीतरी कामगारांचे आयुष्य एट माइल रोडच्या पलीकडून येण्याजाण्यात सरले.

आपल्या नगरपालिकाही केंद्राचे अनुदान घेतात. २००५ च्या नागरी पुनरुत्थान योजनेतील सुधारणांच्या यादीत, गृहप्रकल्पांतील २० ते २५ टक्के विकसित जमीन गरिबांसाठी राखावी, असे एक कलम होते. तेव्हा अंदाजपत्रकात अनुदानाचा आकडा वाचाल त्या वेळी नगरसेवकांना एवढेच विचारा : याची अट कोणती, आणि ती कोणासाठी आहे?