उंच छपराचा लहान वर्ग



म्हसळ्याकडील मुसळधार पावसाचे पाणी झरझर ओघळावे म्हणून कौलारू छप्पर उतरते बांधतात. साहजिकच आढे उंच जाते. उबदार हवा हलकी असल्याने वर चढते आणि जमिनीवर बसलेले बालक गारठ्यात राहते. नवागतास असा वर्ग परका वाटतो.

उपाय अल्पखर्ची आहे. बालकाच्या खांद्याइतक्या उंचीपर्यंत भिंतीस गेरू द्यावा, वर चुना. मुलांची चित्रे बसल्या नजरेसमोर लावावीत. आडव्या सुतळ्यांवर कागदी पताका बांधाव्यात, म्हणजे छत जवळ भासते. खाली चटया अंथराव्यात. खिडक्या मात्र झाकू नयेत.

ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे बालशिक्षणास आरंभ केला, तो परिसरातील साध्या वस्तूंच्या साहाय्यानेच. वर्ग आपला वाटला, की मूल शाळेत रमते.