सारायेव्होची कॉफी

प्रवासांत एका सायंकाळीं सारायेव्होच्या बाश्चार्शिया पेठेंत मीं चेवापी चाखल्या : निखाऱ्यांवर भाजलेल्या खिम्याच्या बोटाएवढ्या वळ्या, सोमून नांवाच्या रोटींत, कच्च्या कांद्यासह. नंतर तांब्याच्या, लांब दांड्याच्या जेझ्वेंतून बिनकानाच्या पेल्यांत कॉफी ओतली गेली. मीं अधीरपणें घोट घेतला, तों तोंडांत सारा गाळ! शेजारचे वृद्ध गृहस्थ हंसले. “गाळ बसूं द्या. साखरेचा खडा बुडवून दांतांखालीं धरा, मग हळूहळू प्या.”

१९९२ ते १९९६ च्या वेढ्यांत कॉफी मिळेना, तेव्हां त्यांच्या घरीं मसूर भाजून, कुटून काढा होई. परंतु पाहुणा पेल्यावांचून परत जात नसे.

दुसरा पेला मीं सावकाश प्यालों. तेवढ्या अवधींत त्यांनीं मला वेढ्यांत गमावलेल्या भावाची हकीकत सांगितली.