कंबरदुखी : अंथरूण की आसन?



विषयाला हात घालण्यापूर्वी एक कबुली देणे मला प्राप्त आहे. वैद्यकीच्या पहिल्या काही वर्षांत कमरेत उसण भरलेला रोगी आला, की मी त्याला फळीवर निजायला सांगत असे. एक आठवडा, कधी तीनदेखील. बिचारा निमूटपणे निजे आणि उठे तो अधिकच आखडून. त्यांत एका शाळेतले शिपाई होते. त्यांचे दुखणे वर्षानुवर्षे रेंगाळले. खाली पडलेली किल्लीसुद्धा ते मुलाकडून उचलून घेत. कमरेचा हा धसका मीच त्यांना दिला, असे आज मला वाटते.

१९९५ साली हेलसिंकी शहराच्या नोकरवर्गातील १८६ जणांवर झालेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. नुकतीच कंबर धरलेल्यांपैकी काहींना दोन दिवस निजवले, काहींना व्यायाम दिला आणि उरलेल्यांना, सोसेल तेवढे रोजचे व्यवहार चालू ठेवा, एवढेच सांगितले. लवकर सावरले ते हे उरलेले! निजणारे सर्वांत मागे राहिले.

तीन महिन्यांवर रेंगाळणारी कंबरदुखी मात्र निराळी. तिच्यात मूळची इजा पुष्कळदा भरून आलेली असते. मज्जासंस्थेची सवय तेवढी मागे राहते. वाकायचे म्हटले की मन दचकते, मन दचकले की पाठीचे स्नायू आवळतात, आवळले की दुखतात, आणि दुखले म्हणजे भीती खरीच होती असे वाटते. “म्हणजे दुखणे मनाचेच ना?” असे कोणी विचारील. मुळीच नाही. दुखणे खरेच असते. पण हे रहाटगाडगे कोठे तरी थांबवले पाहिजे, आणि आसनांचा उपयोग होतो तो येथे. मार्जारासनात गुडघे व तळहात टेकून, श्वास सोडताना पाठ वर उचलायची, घेताना खाली सोडायची. लक्ष श्वासावर. आपण वाकलो तरी काही मोडले नाही, हे शरीराला हळूहळू पटत जाते.

स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून आसनांचा विचार प्रयोगशाळेत नेला, हे आपण जाणताच. पुढे २०१७ साली बॉस्टनच्या ३२० रोग्यांवरील प्रयोगात बारा आठवड्यांचा योगवर्ग फिजिओथेरपीपेक्षा उणा ठरला नाही. त्याच वर्षी अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने जुनाट कंबरदुखीत औषधांआधी व्यायाम, योग, ताइ ची असे उपाय करावेत, असा सल्ला दिला. तरी छाती फुगवण्याचे कारण नाही. येणारा गुण माफकच असतो, आणि पाठीच्या इतर व्यायामांहून योग फार सरस आहे, असेही दिसलेले नाही.

आणखी एक. पायातली शक्ती गेली, जांघेत बधिरता आली, लघवीवरचा ताबा सुटला, तर सतरंजी गुंडाळून ठेवा आणि तडक रुग्णालय गाठा. हाडे ठिसूळ झालेल्या वडीलधाऱ्यांनी पश्चिमोत्तानासनाच्या नादी लागू नये.

त्या शिपाईमामांना मी पुढे मुद्दाम बोलावून घेतले. पहिला आठवडा नुसते शवासन आणि श्वास. मग मार्जारासन, मग भुजंगासन. मध्ये दोनदा सोडून दिले, पुन्हा आले. चौथ्या महिन्यात माझे टेबलाखाली पडलेले पेन त्यांनी वाकून उचलून दिले.

“दुखलं का हो, मामा?” मी विचारले.

“थोडं दुखलं,” ते म्हणाले, “पण दुखू दे की, डॉक्टरसाहेब.”