पिनकोडचा डेटा विकत घेताय? आधी रिकामे रकाने मोजा

आजचा विषय ऐकायला कोरडा वाटेल, पण ज्यांना स्वतःचं ॲप काढायचंय किंवा घरून ऑनलाइन दुकान चालवायचंय, त्यांच्या खिशाशी त्याचा थेट संबंध आहे. विषय आहे पिनकोडचा लोकेशन डेटा. म्हणजे एक एक्सेल शीट. पहिल्या रकान्यात पिनकोड, मग गाव, जिल्हा, राज्य आणि शेवटी अक्षांश-रेखांश. अशा शीट ऑनलाइन विकायला असतात. पिनकोडची यादी सरकारच्या ओपन डेटा साइटवर फुकटही मिळते. मग आपण पैसे मोजतो ते कशाचे? अचूकपणाचे. आणि नेमका तोच तपासायचा राहून जातो.

आधी पिनकोड म्हणजे काय ते बघू. तो 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाला. केंद्रीय दळणवळण मंत्रालयात अतिरिक्त सचिव असलेल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांची ही कल्पना. हे संस्कृतचे कवीसुद्धा होते, बरं का! अडचण अशी होती की एकाच नावाची गावं ढिगानं, पत्ते वेगवेगळ्या भाषांत आणि अक्षर कसंही. सहा आकडे बघून पत्र बरोबर थप्पीत पडावं, एवढंच काम. पहिले तीन आकडे पत्रांची वर्गवारी कुठे होणार ते सांगतात, शेवटचे तीन वाटप करणारं पोस्ट ऑफिस.

थोडक्यात, पिनकोड टपालासाठी बनलाय, नकाशासाठी नाही. देशात पिनकोड साधारण 19 हजार आणि पोस्ट ऑफिसं दीड लाखांहून जास्त. म्हणजे एका पिनखाली सरासरी आठेक पोस्ट ऑफिसं. खेड्यांकडे तर एकाच पिनमध्ये कितीतरी गावं आणि वाड्या येतात. मग शीटमध्ये त्या पिनसमोर जो एकच बिंदू लिहिलाय, तो कुठला? मुख्य पोस्ट ऑफिसचा? परिसराच्या मध्याचा? की कुणीतरी गावाचं नाव सर्च केलं आणि पहिलं जे आलं ते चिकटवलं?

हा तिसरा प्रकार सगळ्यात धोकादायक. आपलं छत्रपती संभाजीनगर जुन्या याद्यांमध्ये औरंगाबाद नावानं आहे, आणि औरंगाबाद नावाचा जिल्हा बिहारमध्येही आहे. 431001 चा बिंदू बिहारमध्ये पडला, तर तुमचं ॲप डिलिव्हरीचा चार्ज बिहारचा लावणार.

जिल्ह्यांचंही तसंच. पालघर 1 ऑगस्ट 2014 ला ठाण्यापासून वेगळा झाला. पिन तोच राहिला, 401404, जिल्हा बदलला. यादीत पालघर अजून ठाण्यात दिसलं, की ओळखायचं, माल शिळा आहे. कुणी शॉर्टकट मारतं, की 40 नं सुरू झाला म्हणजे महाराष्ट्र. पण पणजीचा पिन आहे 403001! पुण्याहून पणजीला माल पाठवला तर आयजीएसटी लागतो. राज्य चुकलं की बिल चुकलं.

आता आकड्यांची गंमत. अक्षांशाचा एक अंश म्हणजे साधारण 111 किलोमीटर. दशांश चिन्हापुढे एकच आकडा ठेवला, तर बिंदू पाच-साडेपाच किलोमीटर सरकू शकतो. आणि दोन रकाने उलटे झाले तर? पुणे आहे 18.52 उत्तर, 73.85 पूर्व. उलटं केलं की पुणे थेट नॉर्वेच्याही उत्तरेला, समुद्रात!

ही चूक निदान लगेच दिसते. न दिसणारी चूक कशी असते, त्याचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. ते पिनकोडचं नाही, आयपी ॲड्रेसचं आहे, पण दुखणं तेच. मॅक्समाइंड ही कंपनी आयपीवरून लोकेशन सांगणारा डेटा विकते. ज्या आयपीबद्दल 'अमेरिकेत कुठेतरी' एवढंच माहीत होतं, त्यांच्यापुढे देशाच्या मध्याजवळचा एक गोल आकडा टाकला होता, 38 उत्तर, 97 पश्चिम. असे आयपी होते 60 कोटींहून जास्त. आणि त्या बिंदूपाशी कॅन्सस राज्यातलं एक शेतघर होतं. वर्षानुवर्षं तिथे पोलीस येत राहिले, फसवले गेलेले लोक चोर शोधत येत राहिले. घरातल्यांना कारणच कळेना. 2016 मध्ये पत्रकारांनी हे उघड केल्यावर कंपनीनं तो बिंदू हलवून पाण्यात नेला.

बघा, डेटा विकणारा एक, वापरणारा दुसरा आणि भोगलं तिसऱ्यानंच. आपल्याकडे तो तिसरा म्हणजे भर पावसात चुकीच्या वाडीवर पोचलेला डिलिव्हरीवाला. नाहीतर 'तुमच्या भागात सेवा नाही' हे वाचून फोन ठेवून देणारी, तालुक्याच्या गावाला खेटून राहणारी ताई.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, की रिकामा रकाना चालेल, खोटा नको. रिकामा रकाना बघून तुम्ही चौकशी तरी करता. खोट्यावर तुम्ही बिनधास्त विश्वास ठेवता.

पैसे देण्याआधी विकणाऱ्याला तीन गोष्टी विचारा. बिंदू नेमका कशाचा आहे? यादी शेवटची कधी दुरुस्त केली? माहिती नव्हती तिथे काय भरलंय? 'सगळे रकाने शंभर टक्के भरलेले आहेत' असं कुणी अभिमानानं सांगितलं, तर जरा सावध व्हा. वेगवेगळ्या पिनसमोर हुबेहूब तोच बिंदू सापडला, तर तिथे अंदाज भरलेला असण्याची शक्यता मोठी.

मग नमुना मागा. पुण्या-मुंबईचे पिन नका तपासू, ते बहुतेक बरोबरच निघतात. तुमच्या गावाचा, मामाच्या गावाचा, मित्राच्या गावाचा, असे तीसेक पिन घ्या आणि फोनवरच्या नकाशात टाकून बघा. तासाभराचं काम आहे.

आणि दारापर्यंतचं लोकेशन हवं असेल, तर पिनकोडकडून ती अपेक्षाच ठेवू नका. त्यासाठी टपाल खात्यानं 2025 मध्ये डिजिपिन आणलाय. दहा अक्षरा-आकड्यांचा कोड, साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनाला एक.

चला, आज इतकंच. पुढच्या भागात भेटू. तोवर स्वतःच्या गावाचा पिन तेवढा नकाशात टाकून बघा!